मावळ्यांना मॅनेजर हवा आहे

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की कॅनडातल्या आमच्या किचनर शहरात सगळं उघडं पडतं. ग्रोसरीच्या दुकानांपुढे, पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात ढकलून ठेवलेले बर्फाचे ढीग काळे होऊन खचत जातात आणि नोव्हेंबरपासून हरवलेल्या वस्तू त्यांतून बाहेर येतात. एखादा हातमोजा, कॉफीचे चेपलेले कप, कुणाच्या तरी गाडीचा तुटका आरसा. रस्त्याच्या कडेला मिठाची पांढरी रेघ राहते. स्थलांतर करून गेलेले गीज पक्षी परत येतात आणि हिरवळीवर मालकी हक्काने घाण करून ठेवतात. लोक याला स्प्रिंग म्हणतात आणि एकमेकांना शुभेच्छा देतात. मी फसत नाही. विंटर टायर्स काढायची अपॉइंटमेंट मी मे महिना लागल्याशिवाय घेत नाही.

याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या बेसबॉल टीमचा मेल येतो. यंदाही आला. विषय, नवीन मॅनेजर हवा आहे. गेल्या वर्षीही याच सुमारास, याच विषयाचा मेल आला होता. अध्यक्ष मोहनरावांनी जुनाच मेल काढून फक्त साल बदललं असणार, कारण ‘समस्त मावळ्यांना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ ही सुरुवात जशीच्या तशी आहे. मॅनेजर नसण्यात आनंद कसला, हा प्रश्न त्यांना दोन्ही वर्षी पडलेला नाही. मी मेल वाचला, फोन उपडा ठेवला, आणि गेल्या उन्हाळ्याची सगळी चव माझ्या तोंडात परत आली. कापलेल्या गवताचा वास, सनस्क्रीनचा वास, तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर अंथरलेली माझी जुनी सोलापुरी चादर, आणि समोर मैदानावर आमचे मावळे.

किचनर मावळे हे टीमचं नाव. ते ज्या सभेत ठरलं तिला मी हजर होते आणि तेव्हाही मला हसू आवरलं नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्यांची ही शहराची लीग, दर शनिवारी दुपारी सामना. आमचे बहुतेक मावळे पुण्या-मुंबईचे आणि नागपूरचे सॉफ्टवेअर इंजिनिअर, गुडघ्याला पट्टा आणि पुढे ढेरी. गड चढणं राहू द्या, पळत पहिल्या बेसपर्यंत पोचले तर दुसऱ्या बेसकडे नुसतं बघण्याचंही त्राण त्यांच्यात उरत नाही. क्रिकेटला मैदान मिळालं नाही म्हणून ही मंडळी बेसबॉलकडे वळली, पण भाषणात मात्र इथल्या मातीशी एकरूप व्हायला हवं म्हणून वळलो असं सांगतात. इथली माती निम्मं वर्ष बर्फाखाली असते, हे भाषणात येत नाही.

या लोकांना इतकी वर्षं सांभाळलं ते फ्रान्सिसने. फ्रान्सिस वसईचा, आवाजाने मोठा, मनाने त्याहून मोठा. बेसबॉलचा मॅनेजर आणि ऑफिसातला मॅनेजर यांत फरक असतो. कोण खेळणार, कोण बसणार, बॅटिंगला कुणी कितव्या क्रमांकावर जायचं, हे सगळं बेसबॉलचा मॅनेजर ठरवतो आणि त्यावर मीटिंग होत नाही. फ्रान्सिस तसंच करायचा. मोहनरावांनाही बसवायचा. मोहनराव मंडळाचे अध्यक्ष, सेवानिवृत्तीला टेकलेले, गोरेपान, बोलणं इतकं गोड की साखर वेगळी घालायला नको. बॅटिंगचा चौथा क्रमांक टीममधल्या सगळ्यात जोरात मारणाऱ्याचा असतो. अध्यक्ष या नात्याने तो आपला, अशी मोहनरावांची प्रामाणिक समजूत आहे. फ्रान्सिस त्यांना नववा पाठवायचा, आणि चेंडू सुटायला लागले की डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, बसवून ठेवायचा. मोहनराव हसत हसत बसायचे आणि घरी जाऊन बायकोशी बोलायचे नाहीत. हे मला त्यांच्या बायकोनेच सांगितलं.

मग फ्रान्सिसच्या मुलीला कॅल्गरीत जुळं झालं आणि नवरा-बायको नातवंडांसाठी तिकडे गेले. जाताना तो एवढंच म्हणाला की टीम टेरेसाला द्या, तिला सगळं येतं. कमिटीने टाळ्या वाजवल्या, त्याच्या सूचनेची नोंद घेतली, आणि नव्या मॅनेजरसाठी रीतसर शोध सुरू केला.

हा शोध माझ्या घराच्या बेसमेंटमध्ये झाला. माझा नवरा अविनाश त्या कमिटीवर आहे आणि आमचं बेसमेंट फिनिश्ड, म्हणजे राहण्याजोगं सजवलेलं, आहे, या दोन गुन्ह्यांची शिक्षा मी भोगली. मोहनराव, अविनाश आणि आणखी तिघं. त्या तिघांची नावं सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यांचं मत नेहमी मोहनरावांचंच असतं. या लोकांनी आयुष्यभर कंपन्यांमध्ये माणसं नेमली आहेत, त्यामुळे त्यांना एकच रीत ठाऊक. इंटरव्ह्यूच्या फेऱ्या ठरल्या, गुणांकन ठरलं. ‘तुमच्या जीवनातील नेतृत्वाचा एक प्रसंग सांगा’ असा प्रश्नही निघाला. गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या माणसांना शनिवारी दुपारी गवतावर पळवायचं, त्यासाठी हा सगळा थाट. मी वरून पाणी, चहा, भजी पाठवत होते आणि जिन्यावरून सगळं ऐकत होते. माझं माहेर नागपूरचं, तोंड तिखट. तरी मी तोंड बंद ठेवलं, कारण ऐकायला फार मजा येत होती.

टेरेसा आली ती ऑफिसातून थेट, गळ्यात आयडी कार्ड तसंच. हीही वसईची, एका शाळा बोर्डात पगारांचं पेरोल बघते. कॉलेजात असताना महाराष्ट्राच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारी, होती, आणि फ्रान्सिसच्या शेजारी उभं राहून त्याची उजवी बाजू तिनेच इतके सीझन सांभाळली होती. चेंडू टाकणारा पिचर थकलाय हे फ्रान्सिसच्या आधी तिला कळायचं आणि ती ते तिथल्या तिथे बोलून मोकळी व्हायची. तिने खुर्ची ओढली आणि प्रश्न येण्याची वाटही बघितली नाही.

“मॅनेजरचं काम मला येतं,” ती म्हणाली. “तुम्हा सगळ्यांचा गेम मला माहितीये. आणि हे काम मला पाहिजे. आय रिअली वॉन्ट इट.”

कुणीतरी भजी चावायचं थांबलं असावं. मग मोहनरावांनी आपल्या मधाळ आवाजात विचारलं की चौथ्या क्रमांकावर तुम्ही कुणाला पाठवाल. ती म्हणाली, त्या आठवड्यात जो मारतोय त्याला. मोहनराव म्हणाले, समजा, नुसतं समजा हं, अध्यक्षांची बॅट त्या आठवड्यात चालत नसेल तर?

“तर अध्यक्ष बसतील,” टेरेसा म्हणाली.

ती गेल्यावर मोहनरावांनी सुस्कारा टाकला. बाई हुशार आहे, प्रश्नच नाही, ते म्हणाले, पण स्वतःच स्वतःबद्दल बोलते. त्या तिघांपैकी एकाला तिच्यात पदाची हाव दिसली. दुसऱ्याला, आपल्यात हे बसत नाही, असं वाटलं. आणि मग माझ्या नवऱ्याचा आवाज आला. अविनाश म्हणाला, थोडी नम्रता हवी होती. मी भज्यांची दुसरी ताटली जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली आणि निघून आले. उचलायची त्यांची त्यांनी.

दुसरा उमेदवार गॅरी. त्या तिघांपैकी कुणाचा तरी शेजारी, गोरा, उंच, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेला. येताना घरी केलेले मफिन्स घेऊन आला. माणूस चांगला होता, हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे त्याचे हाल होणार आहेत. त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं की खरं म्हणजे मी हॉकीवाला, मुलांना आयुष्यभर हॉकी शिकवली, बेसबॉल टीव्हीवर लागला तर बघतो, यातलं मला फारसं कळत नाही. कमिटीचे चेहरे उजळले. ते मला जिन्यावरूनही दिसले. त्याला परत विचारलं, तो परत म्हणाला की नाही हो, खरंच येत नाही, तुमच्याकडे दुसरं कुणी असेल तर बघा. दोनदा नाही म्हणाला. त्याचं तिथंच पक्कं झालं. तो गेल्यावर मोहनराव गहिवरले होते. केवढा मोठा माणूस, ते म्हणाले, आणि किती साधेपणा.

हे समजायला आमच्या पंगतीत जेवावं लागतं. आमच्याकडे जिलबी वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरायचा, नको नको म्हणायचं, आणि वाढणाऱ्याने तो हात बाजूला सारून दोन जिलब्या टाकायच्या. ज्याला खरंच नको असेल त्याची पंचाईत, आणि ज्याने सरळ ‘वाढा’ म्हटलं तो हावरट. मंडळातली पदंही अशीच वाढली जातात. मोहनरावांनी अध्यक्षपद दर वर्षी नाकारलं आहे आणि दर वर्षी तेच अध्यक्ष आहेत. आता हा ताटावरचा हात बिचाऱ्या गॅरीला ठाऊक नव्हता. त्याला येत नव्हतं म्हणून तो येत नाही म्हणाला. टेरेसाला येत होतं म्हणून ती येतं म्हणाली. आमच्या पाच सुशिक्षित माणसांनी दोघांचंही बरोबर उलटं ऐकलं, आणि आपल्याला माणसांची पारख आहे म्हणून एकमेकांचं अभिनंदन केलं.

पण बाकीच्या चौघांना मी माफ करू शकते. अविनाशला नाही. आम्ही या देशात येण्याआधी पुण्यात त्याने बँकांसाठी सिस्टिम्स उभ्या केल्या होत्या, हाताखाली माणसं होती. इथे इंटरव्ह्यूला विचारलं की हे काम तुम्हाला येतं का, तर हा म्हणायचा, हो, थोडंफार येतं. घरचे संस्कार. आपण थोडंफार म्हणायचं आणि समोरच्याने ओळखायचं. समोरच्याने कागदावर थोडंफार असं लिहून घेतलं आणि दार दाखवलं. तो सबंध हिवाळा अविनाशने ब्रॅम्पटनच्या एका वेअरहाउसमध्ये खोकी उचलली. त्याच्या जॅकेटला पुठ्ठ्याचा वास यायचा. बस स्टॉपवरून घरी येईपर्यंत भुवयांवर बर्फ धरलेला असायचा, आणि रात्री मी त्याच्या पाठीला बाम चोळायची. शेवटी तिथल्या पंजाबी सुपरवायझरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “भाईसाब, यहाँ जो बोलोगे वही लिखेंगे.” मग हा आरशासमोर उभा राहून ‘आय अ‍ॅम व्हेरी स्ट्राँग इन धिस’ म्हणायला शिकला. ते वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्या वाक्यावर किचनरची नोकरी मिळाली, आणि त्या नोकरीवर हे बेसमेंट.

म्हणून त्या इंटरव्ह्यूनंतरच्या सकाळी, एप्रिलमध्ये पडलेला आगाऊ बर्फ ड्राइव्हवेवरून शोव्हल करताना, मी त्याला विचारलं की ब्रॅम्पटनमध्ये तू काय उचलत होतास ते आठवतं का. त्याने फावडं बर्फात रोवलं. त्याला प्रश्न कळला होता, बुद्धीने तो कमी नाही.

“ते वेगळं होतं, शुभा,” तो म्हणाला. “ते ऑफिस होतं. हे आपलं मंडळ आहे.”

या एका वाक्यात आमच्या सगळ्या लोकांचं परदेशातलं आयुष्य बसतं. बाहेर गोऱ्यांपुढे छाती काढून ‘मला येतं’ म्हणायचं आणि घरात आल्यावर तेच वाक्य दुसरं कुणी म्हणालं की नाक मुरडायचं. मी उरलेला बर्फ त्याच्यावरच सोडून आत गेले. माझी मुलगी टोरांटोला कॉन्डोत राहते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, “आई, शी वॉन्टेड इट, शी सेड इट. व्हॉट्स द प्रॉब्लेम?” ज्यात प्रॉब्लेमच नाही त्यात आमच्या लोकांना काय खुपतं, हे इंग्रजीत कसं सांगणार?

गॅरीचं स्वागत शाल आणि श्रीफळ देऊन झालं. त्याने नारळ एका हातात तोलून पाहिला आणि हे आत्ताच फोडायचं का म्हणून विचारलं. सगळे हसले, कारण त्याचा साधेपणा.

आणि मग तो उन्हाळा. किचनरचा उन्हाळा छोटा असतो, म्हणून इथले लोक तो घाईघाईने भोगतात. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड, कुणाच्या तरी बार्बेक्यूवर करपणारा कांदा, मैदानामागच्या झाडीतून उठणारे डास, आणि बॅटवर चेंडू नीट बसला तर होणारा तो एक कोरडा, समाधानी आवाज. तो आवाज आम्हाला त्या सीझनमध्ये फार कमी वेळा ऐकू आला, आणि आला तेव्हा बहुतेक समोरच्या टीमकडून. बॅटिंगची ऑर्डर कमिटी ठरवून द्यायची, सगळ्यांचा मान राखून. मोहनराव चौथे. मोहनराव बॅट फिरवायचे, वारा सुटायचा, चेंडू मागे कॅचरच्या ग्लव्हमध्ये जाऊन बसायचा, आणि गॅरी टाळ्या वाजवून म्हणायचा, ‘गुड ट्राय, बडी.’ मोहनराव मनगट चोळत परत यायचे. मनगटाला काहीतरी झालं होतं. सीझनभर होतं. शुक्रवारी मंडळाच्या मीटिंगमध्ये सह्या करताना त्याच मनगटाला काही होत नसे.

टेरेसा दर शनिवारी यायची. टीममध्ये नव्हती, तरी यायची आणि वर बाकांवर माझ्याशेजारी बसायची. मला फार बरं वाटलं. एकट्याने तुच्छतेने बघण्यात गंमत नसते, दुसरं कुणी लागतंच. मी दिवसभर इन्शुरन्स कंपनीत लोकांच्या नुकसानीच्या हकिकती वाचते. कोण खरं बोलतंय आणि कोण फुगवून सांगतंय हे ओळखणं हीच माझी नोकरी, त्यामुळे मावळ्यांवर माझ्याकडे टिपणी भरपूर. अविनाशच्या पायांतून चेंडू गेला की मी म्हणायची, बघ, बेसमेंटचं दार उघडं राहिलं. टेरेसा हसायची. पण लगेच पुटपुटायची, डावीकडे सरक, सरक ना रे. मधेच म्हणायची, आता बंट, नुसती बॅट लाव. तिची एक टाच सतत हलत असायची, आणि उजव्या हाताची बोटं मांडीखाली उघडमीट व्हायची. मला वाटायचं बिचारीला संधिवात असेल. कॅचर पिचरला बोटांनी खुणा करतो, हे मला कुणीतरी नंतर सांगितलं. त्या उन्हाळ्यात मला एवढंच कळलं की आम्ही दोघी मिळून यांना हसतोय, आणि शनिवारची मी आठवडाभर वाट बघायची.

एकदा सामना अगदी हातात आला होता. पिचर दमला होता, त्याचा खांदा पडत चालला होता, ते मलासुद्धा दिसत होतं. टेरेसा उभी राहिली. तारेच्या कुंपणापर्यंत खाली गेली आणि तिथं थांबली. गॅरीने तिच्याकडे बघून हात हलवला, तिने त्याच्याकडे बघून हलवला. पिचर बदलला गेला नाही. त्याचे पुढचे तीन चेंडू तीन दिशांना गेले आणि आम्ही हरलो. ती परत येऊन बसली तेव्हा मी काहीतरी झणझणीत बोलले, आता आठवत नाही काय. ती हसली नाही. म्हणाली, बदलायला पाहिजे होता ग, त्याचा खांदा कायमचा जाईल. आणि पर्स उचलून निघून गेली. मला ती जरा जास्तच मनाला लावून घेते असं वाटलं.

सप्टेंबरमध्ये आइस रिंक उघडल्या आणि हॉकीवाल्या गॅरीने आमचा निरोप घेतला. सीझनअखेरच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तो पुलावाची प्लेट हातात धरून म्हणाला की मी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं, मला बेसबॉल येत नाही. तो हे जराही न रागावता म्हणाला. मोहनरावांना पुन्हा तो विनय वाटला की या वेळी खरं काय ते कळलं, सांगता येत नाही. त्यांनी पुन्हा शाल काढली आणि पुन्हा नारळ. आमच्या भाषेत नोकरीवरून काढलं की नारळ दिला म्हणतात. इथं माणूस आपणहून निघाला तरी त्याची नारळातून सुटका नाही.

मग हिवाळा आला आणि मी माझ्या कामाला लागले. या लोकांना शेवटी टेरेसाच्या दारात यावं लागणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं, आणि त्या दिवशी ती काय म्हणेल हे मी शोव्हल करता करता रचत होते. एकदा ती म्हणायची, नम्रता कमी पडेल हो माझी. एकदा म्हणायची, गॅरीला विचारलंत का? जानेवारीच्या कडाक्यात, श्वास गोठत असताना, मी एक फारच देखणं वाक्य तयार केलं होतं. ते इथं लिहीत नाही, कारण ते माझंच मला आता बघवत नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती दार लावून घ्यायची आणि मोहनराव बर्फात उभे राहायचे. मला त्या हिवाळ्यात थंडी जाणवली नाही.

यंदाचा मेल गेला आणि एकाही माणसाने नाव दिलं नाही. देणार कसं? सगळे ताटावर हात धरून बसलेले आणि वाढायला कुणीच नाही. दोन आठवडे गेले. मैदान वाळलं, लीगचं वेळापत्रक लागलं, आणि मॅनेजरशिवाय टीम उतरू देणार नाही असं लीगने कळवलं. मग रविवारी, टेरेसा चर्चमधल्या मासहून परत येण्याच्या सुमारास, मोहनराव आणि अविनाश तिच्या टाउनहाउसवर गेले. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण हे चुकवायला मी खुळी नव्हते. मोहनरावांनी पेढ्यांचा बॉक्स घेतला होता. गाडीत ते ओठांनी पुटपुटत होते. ती नाही म्हणेल, मग आपण कसं म्हणायचं, ती परत नाही म्हणेल, मग कसं. माणसाने पूर्ण तयारी केली होती.

तिने आम्हाला सोफ्यावर बसवलं, कॉफी दिली, सकाळचा केक कापला. अजून चर्चला जायच्याच कपड्यांत होती. मोहनरावांनी घसा साफ केला. टेरेसाताई, ते म्हणाले, गेल्या वर्षी काही गोष्टी ज्या पद्धतीने व्हायला हव्या होत्या त्या पद्धतीने.

“टीम देताय का मला?” तिने मधेच विचारलं.

मोहनराव म्हणाले की तशी आमची सर्वांची नम्र विनंती आहे, आता तुम्ही मागचं मनात न ठेवता.

“हो,” ती म्हणाली. “घेते. सामानाच्या शेडची किल्ली कुणाकडे आहे?”

मोहनरावांकडे अजून सगळं भाषण शिल्लक होतं. पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या मांडीवर तसाच होता. अविनाशने खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि खाली मान घालून म्हणाला, “टेरेसा, गेल्या वर्षी मी चुकीचं बोललो.” ती म्हणाली, ठीक आहे, तुझा गुडघा कसा आहे? आणि सरळ त्या गुडघ्यावर बोलायला लागली. तू आता दुसऱ्या बेसवर नको, म्हणाली, पहिल्यावर ये, तिथं पळावं कमी लागतं. बोलता बोलता ती सोफ्याच्या कडेला आली होती आणि तिचा चेहरा असा दिसत होता जसा मी त्या सबंध उन्हाळ्यात एकदाही पाहिला नव्हता.

मी कप उचलून तिच्यामागे किचनमध्ये गेले. माझा जीव नुसता तळमळत होता. म्हटलं, अगं, निदान थोडं तरी ताणायचंस. एकदा तरी नाही म्हणायचंस. इतक्या सहज सोडलंस यांना?

तिने नळ सोडला. कप विसळता विसळता माझ्याकडे वळून बघितलं. रागाने नाही, अविनाशच्या गुडघ्याकडे बघितलं होतं तसंच.

“मला टीम पाहिजे होती ग,” ती म्हणाली. “मी नाही म्हणावं हे तुला पाहिजे होतं.”

बाहेर सोफ्यावर मोहनराव पेढ्यांचा बॉक्स धरून बसले होते. त्यांनाही ते ‘नाही’ हवं होतं, आग्रह करता यावा म्हणून. मला हवं होतं ते आयुष्यभर सांगत फिरता यावं म्हणून. एकाच गाडीतून, एकाच गोष्टीची वाट बघत आम्ही दोघं तिच्या घरी आलो होतो. मी कप पुसून जागेवर ठेवले. टेरेसा बाहेर जाऊन त्यांना सांगत होती की मंगळवारी सहाला प्रॅक्टिस आहे, उशिरा येणारा बसेल, आणि मोहनराव हो म्हणत होते.